श्रम आणि गुणवत्ता

सुरतेतील मराठी श्रोत्यांना साताऱ्याचे उदाहरण परके वाटू नये. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी तेथे १९४० साली सुरू केलेल्या निःशुल्क निवासी विद्यालयास बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचेच नाव आहे. रयत शिक्षण संस्थेच्या 'कमवा आणि शिका' योजनेत विद्यार्थी शेतात श्रम करून शिक्षणाचा खर्च भागवीत. परंतु थकलेल्या मुलाचे गणित कच्चे राहिले, की 'बिचारा राबतो' म्हणून सढळ हाताने गुण देण्याचा मोह शिक्षकास होतो. ही दया मुलालाच महागात पडते. पुढच्या परीक्षकाला त्याचे शेत दिसत नाही. त्यापेक्षा वाफ्याचे क्षेत्रफळ, खताचे प्रमाण, पिकाचा जमाखर्च हेच गणिताच्या वहीत उतरावे, रात्रीच्या अभ्यासाला शिक्षक वसतिगृहातच असावा आणि पेरणी-कापणीत बुडालेले धडे दिवाळीच्या सुटीत भरून काढावेत.