गोष्टीचा मधला भाग

माझे वडील माधवनगरच्या गिरणीत होते. दुसरी पाळी सुटली की रात्री बाराच्या पुढं घरी येत. सुटीच्या आदल्या रात्री आम्ही भावंडं मात्र जागी असायचो. हात-पाय धुऊन, चार घास खाऊन अब्बा अंथरुणावर बसत आणि अमीर हमजाची दास्तान सांगत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, 'हां, कां तक आए थे?' म्हणजे, कुठवर आलो होतो? मग थोरला भाऊ सांगे की हमजा जादूच्या किल्ल्यात अडकलाय. तिथून गोष्ट पुढं चाले. कधी आम्हाला झोप लागे, कधी अब्बांना. ती दास्तान सुरू कशी झाली ते मला आठवत नाही, संपलेली तर कधी ऐकलीच नाही. माझ्याजवळ आहे तो सगळा मधला भाग.

हे आठवायचं कारण एक चित्रपट. माझी मुलगी पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. पूर्वपरीक्षा ती दोनदा पास झाली, मुख्य परीक्षेत दोन्ही वेळा अडली. मध्यंतरी चार दिवस घरी आली होती. एका संध्याकाळी मी 'द टू टॉवर्स' लावला. ती म्हणाली, 'अब्बा, याच्या आधी एक भाग आहे, नंतर एक आहे. याला ना सुरुवात, ना शेवट. हा एकटा बघून काय मिळणार?' प्रश्न सिनेमापुरता नव्हता, हे मला कळलं. म्हटलं, बस तर खरी.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जे. आर. आर. टॉल्किन हे ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजी भाषेचे प्राध्यापक होते. पहिल्या महायुद्धात 1916 साली ते सोमच्या रणभूमीवर लढले होते. त्यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी त्यांच्या मते एकच होती. पण महायुद्धानंतर कागद महाग, छपाईचा खर्च मोठा, म्हणून प्रकाशकानं ती 1954 आणि 1955 मध्ये तीन खंडांत काढली. म्हणजे हा मधला भाग लेखकाला सुचलेला नाही, तो कागदाच्या टंचाईतून आला. शीर्षकातले दोन मनोरे नेमके कोणते, याबद्दल टॉल्किन स्वतःच बराच काळ घोटाळत होते. चित्रपटानं ते ठरवून टाकलं. एक फितूर झालेल्या जादूगार सारुमानचा आणि दुसरा अंधाराचा धनी सॉरॉन याचा.

गोष्ट अशी. सगळ्या जगाला गुलाम करू शकणारी एक अंगठी आहे. ती जिथं घडली त्याच ज्वालामुखीत टाकली तरच नष्ट होईल. हे काम एका बुटक्या, घरकोंबड्या जमातीतल्या फ्रोडोकडं आलंय. पहिल्या भागात नऊ सोबती मिळून निघतात, दुसऱ्या भागाच्या आरंभी त्यांची पांगापांग झालेली असते. पुस्तकात टॉल्किननं या खंडाचे सरळ दोन तुकडे केलेत. आधी लढाईवर गेलेल्यांची हकिकत पूर्ण होते, मग फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम यांची वाट सुरू होते. दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी 2002 च्या चित्रपटात हे धागे एकमेकांत विणले. तिकडं घोडदळ, इकडं दोघं अनवाणी. 'मागील भागात आपण पाहिलंत' असं काहीही न सांगता त्यांनी प्रेक्षकाला थेट मधल्या वाटेवर सोडलं.

या भागाची ख्याती आहे ती हेल्म्स डीपच्या लढाईसाठी. किल्ल्यात जेमतेम तीनशे माणसं, त्यात म्हातारे आणि पोरंही, आणि बाहेर दहा हजार राक्षसी सैनिक. न्यूझीलंडमधल्या एका दगडाच्या खाणीत हा किल्ला उभारला होता. तिथलं चित्रीकरण जवळपास चार महिने चाललं, तेही बहुतेक रात्री. एवढी फौज कुठून आणणार? त्यासाठी स्टीफन रेगेलस यांनी 'मॅसिव्ह' नावाची संगणकप्रणाली लिहिली. तिच्यातला प्रत्येक सैनिक आजूबाजूचं पाहून, ऐकून आपली हालचाल स्वतः ठरवतो. फौजेची आरोळी मात्र खऱ्या माणसांची आहे. 2002 मध्ये वेलिंग्टनला न्यूझीलंड आणि इंग्लंड यांचा एकदिवसीय क्रिकेट सामना होता. सामन्याच्या मधल्या वेळेत जॅक्सन मैदानात उतरले आणि हजारो प्रेक्षकांकडून त्यांनी ती गर्जना करून घेतली.

आपल्या सांगलीकरांना यात नवल वाटायला नको. 1843 साली याच गावात चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं. त्या काळच्या पौराणिक नाटकांत राक्षस अशा काही आरोळ्या ठोकत येत, की लोकांनी त्या नाटकांना 'अलल्डुर्र' असंच नाव पाडलं. यंत्रं बदलली. राक्षस आला हे कळायला अजून माणसाचाच गळा लागतो.

पण मला या चित्रपटातलं सर्वांत मोठं काम वाटतं ते गॉलमचं. अँडी सर्किस या नटानं अंगानं आणि आवाजानं ती भूमिका केली, आणि तिच्यावरून तंत्रज्ञांनी ते हाडकुळं शरीर संगणकावर घडवलं. कधीकाळी अंगठी याच्याजवळ होती. तिनं त्याची पार माती केलीय. एका रात्री तो स्वतःशीच भांडतो. कॅमेरा एकदा या बाजूनं बघतो, एकदा त्या बाजूनं, आणि एकाच चेहऱ्यातली दोन माणसं समोरासमोर येतात. एक म्हणतो विश्वास ठेव, दुसरा म्हणतो गळा दाब. हा पूर्ण वाईट नाही, पुरता सुधारलेलाही नाही. फ्रोडो त्याला जपतो, कारण हा परतू शकला तर आपणही परतू, एवढीच त्याला आशा आहे.

शेवटाकडं सॅम थकलेल्या फ्रोडोला सांगतो, मोठ्या गोष्टींतल्या माणसांना माघारी फिरायची संधी पुष्कळ वेळा होती, पण ती फिरली नाहीत. पुस्तकात असं बोलणं शत्रूच्या डोंगरातल्या पायऱ्यांवर होतं, चित्रपटात एका उद्ध्वस्त शहरात. दोन्हीकडं ते मधल्या भागातच आहे, कारण ते इथंच बोलता येतं. सुरुवातीला माघारीचा मोह नसतो आणि शेवटाला त्याची गरज उरत नाही.

ऑस्करच्या वेळी तिसऱ्या भागानं अकरा बाहुल्या नेल्या, या मधल्याला दोनच मिळाल्या, ध्वनिसंपादनाची आणि दृश्य परिणामांची. मधल्या मुलाच्या नशिबी असंच असतं. किल्ला वाचतो, पण युद्ध संपत नाही. अंगठी अजून गळ्यातच आहे. पडदा काळा होतो तेव्हा गॉलम पुढं चालतोय, आणि त्याच्या मनात दगा आहे हे फक्त आपल्याला माहीत आहे.

तीन तासांनी चित्रपट संपला. मुलगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती पुण्याला गेली. रात्री मी फोन केला. 'पोचलीस का? जेवलीस का?' असं विचारणार होतो, पण तोंडून अब्बांचाच प्रश्न गेला. 'कुठवर आलो होतो?'

ती हसली. म्हणाली, 'इतिहास झालाय अब्बा. उद्यापासून भूगोल.'

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)