रम ‘नीट’ प्यायची की नीट प्यायची?

मी मालवणचा, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. आजच्या भागाचं हे लेखी रूप. विषय आहे, जुनी कडक रम चाखायची कशी? महाराष्ट्रात रमसाठी कायद्याने वय २५ पूर्ण लागतं. त्याखालच्यांनी आज फक्त ऐकायचं.

तारकर्लीला वीकेंडला येणारे मित्र हमखास म्हणतात, "नीट मारून दाखव!" पण कडक रम ही हिंमत मोजायची पट्टी नाही.

आधी लेबल वाचा. १९५४ पासूनच्या आपल्या ओल्ड मंकवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. हा विचित्र आकडा आला कुठून? जुन्या ब्रिटिश मोजणीत साधारण ५७.१ टक्के म्हणजे १०० प्रूफ. त्याचे पाऊण म्हणजे ७५ प्रूफ, म्हणजेच ४२.८. आता ५७ टक्क्यांची रम घ्या. ६० मिलीत ओल्ड मंकमधून सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल पोटात जातं, हिच्यातून २७. म्हणजे हिचे तीन पेग हे तिचे चार. ग्लास तेवढाच दिसतो, हिशोब बदलतो.

मग 'जुनी' म्हणजे काय? रम उसाच्या मळीपासून बनते आणि ओक लाकडाच्या पिंपात मुरते. व्हॅनिलाचा वास त्या लाकडातून येतो. पिंपातून दारू उडतही असते. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला साधारण २ टक्के, तर बेंगळुरूत १० टक्क्यांच्या आसपास. उष्ण हवेत मुरणंही भरभर होतं, म्हणून नुसती वर्षं मोजून तुलना करू नका. रंगावरही जाऊ नका, तो कॅरॅमल घालूनही गडद करता येतो.

आता चाखूया. ग्लासात १५ मिली पुरे. नाक आत खुपसू नका, ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि हळू वास घ्या. पहिला घोट अगदी थेंबभर, जिभेवर फिरवायचा. तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याने जीभ कशी चुणचुणते? कडक दारूचंही तसंच. जीभ बधिर झाली की पुढचं काही कळत नाही.

म्हणून थोडं थोडं साधं पाणी घाला. यात कमीपणा काही नाही. २०१७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी व्हिस्कीवर कॉम्प्युटर सिम्युलेशन केलं. दारू फार कडक असली तर धुराच्या वासाचा एक रेणू आतच दडून राहतो, पाण्याने ती सौम्य झाली की तो पृष्ठभागाशी येतो, असं त्यात दिसलं. रममध्येही करून बघा, वास उलगडतो.

वासाला नावं आपलीच द्या. परदेशी टेस्टिंग नोट्स पाठ कशाला? काकवी, आलं-गुळाचा मालवणी खाजा, जायफळ, फणसपोळी, पिकलेलं केळं. केळ्याचा वास तर खरोखरच असतो, आंबवताना तयार होणाऱ्या एस्टरचा. सापडलेले तीन वास मोबाईलमध्ये लिहून ठेवा, पुढच्या वेळी ताडून बघा.

आणि एक. चाखून झालं की समुद्रात उतरायचं नाही, गाडीला हात लावायचा नाही. सकाळी स्कूबा असेल, तर आदल्या रात्री बाटली बंदच. रम पिंपात वर्षानुवर्षं थांबली, एक दिवस आणखी थांबेल. घाय कित्याक?

तुम्हाला कुठला वास सापडला, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!