लंडन ते पॅरिस : अंतर आणि वेळ

लंडन व पॅरिस ह्या दोन राजधान्यांमधील सरळ अंतर सुमारें ३४४ किलोमीटर, म्हणजे २१४ मैल आहे. जेट विमान ताशीं ८०० किलोमीटर वेगानें उडतें असें धरलें, तर त्रैराशिकानें उत्तर येतें २६ मिनिटें. वेळापत्रक मात्र सव्वा तास किंवा त्याहूनही थोडी अधिक वेळ सांगतें. विद्यार्थ्याचें गणित बरोबर, आणि वेळापत्रकही बरोबर ! मग मधलीं पन्नासएक मिनिटें जातात कोठें ?

वेळापत्रकांतील वेळ विमान जागचें हललें कीं सुरू होते. मोठ्या विमानतळावर धांवपट्टीशीं पोहोंचून आपली पाळी येण्यास दहा-वीस मिनिटें सहज लागतात. पुढें चढणें व उतरणें ह्यांतच एवढ्या लहान प्रवासाचा बहुतेक भाग संपतो. भरधाव वेग फार थोडा वेळ मिळतो. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर गर्दी असली म्हणजे येणाऱ्या विमानांस आकाशांत घिरट्या घालीत थांबावें लागतें. शिवाय विमान सरळ रेषेंत जातच नाहीं. आखून दिलेल्या मार्गानें, वळसा घेऊन जातें.

हे मार्ग कां आखावे लागले, हें विद्यार्थ्यांनीं जाणावें असें आम्हांस वाटतें. २५ ऑगस्ट १९१९ रोजीं लंडनजवळील हाउन्स्लो येथून पॅरिसजवळील ल बूर्जेपर्यंत रोजची विमानसेवा सुरू झाली. पहिल्या विमानांत उतारू एकच होता, आणि प्रवासास सुमारें अडीच तास लागले. त्या काळचे वैमानिक खालचे रस्ते व लोहमार्ग पाहून वाट काढीत. जाणाराही त्याच रस्त्यावरून, येणाराही त्याच रस्त्यावरून. ७ एप्रिल १९२२ रोजीं फ्रान्सच्या पिकार्डी प्रांतावर, धुक्यांत, टपाल नेणारें एक ब्रिटिश विमान व उतारूंचें एक फ्रेंच विमान समोरासमोर आदळलीं. दोहोंतील सातही माणसें मृत्यु पावलीं. आकाशांतही बाजू धरून चालण्याचे नियम त्यानंतर आले. वळशाचीं तीं मिनिटें आम्हांस तरी वायां गेलेलीं वाटत नाहींत.

आतां वारा. तो जातांना साह्य करितो, येतांना अडवितो, तेव्हां हिशेब फिटला असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. ताशीं १६० किलोमीटर वेगाचें जुनें विमान घ्या. वारा नसतां जाऊन येऊन ४ तास १८ मिनिटें लागतील. प्रवासाच्या रेषेंत ताशीं ६० किलोमीटरचा वारा वाहत असेल, तर जातांना वेग २२० व वेळ १ तास ३४ मिनिटें. येतांना वेग १०० व वेळ ३ तास २६ मिनिटें. एकूण ५ तास! वाऱ्याचें साह्य थोडा वेळ मिळतें, अडथळा मात्र अधिक वेळ सोसावा लागतो. हें न जाणतां पेट्रोल भरणारा वैमानिक परततांना इंग्लिश खाडीवरच संकटांत सांपडावयाचा.

घड्याळाचीही एक गंमत आहे. पॅरिसचें घड्याळ लंडनच्या एक तास पुढें असतें. म्हणून ८० मिनिटांचा हाच प्रवास तिकिटावर जातांना २ तास २० मिनिटांचा दिसतो, व येतांना केवळ २० मिनिटांचा.

१९९४ सालापासून खाडीखालील ५० किलोमीटर लांबीच्या बोगद्यांतून आगगाडीही धांवते. ती एका शहराच्या मध्यभागापासून दुसऱ्याच्या मध्यभागीं सुमारें सव्वादोन तासांत पोहोंचविते. विमानतळ गांठणें, तेथील तपासणी व पुन्हां शहरांत येणें हें सारें हिशेबांत धरिलें, तर बहुधा तीच आधीं पोहोंचते.