पहिले हजार दिवस : बालकाच्या जडणघडणीचा ताळेबंद

आपल्या वार्षिक अहवालात आरोग्यविषयक एक माहितीपर लेख देण्याची प्रथा आहे. यंदा ‘बालकाचा जन्मापूर्वीचा व जन्मानंतरचा विकास’ हा विषय आम्ही निवडला आहे. नवजात शिशु विभागास भेट देणारे देणगीदार, विश्वस्त आणि बाळाचे नातेवाईक आम्हांस दोन प्रश्न नेहमी विचारतात. पहिला प्रश्न असा की, आधुनिक यंत्रसामग्री असूनही इतकी बालके कमी वजनाची का जन्मतात? आणि दुसरा असा की, वजन भरून सुखरूप घरी गेलेल्या बाळाला पुनःपुन्हा तपासणीस का बोलावले जाते? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. बाळाची घडण प्रसूतिकक्षात सुरू होत नाही आणि रुग्णालयातून घरी जाताना संपतही नाही. गर्भावस्थेचे सुमारे २७० दिवस आणि पहिल्या दोन वर्षांचे ७३० दिवस मिळून जे हजार दिवस होतात, त्यांतच शरीराचा व बुद्धीचा पाया घातला जातो. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कुटुंबांना हे हजार दिवस समजावून सांगावेत, हाच या लेखाचा हेतू आहे.

पहिले आठ आठवडे

गर्भधारणा झाल्यावर सुमारे सहाव्या-सातव्या दिवशी सूक्ष्म गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. साधारण बाविसाव्या दिवशी हृदयाचे स्पंदन सुरू होते. ज्या नलिकेपासून पुढे मेंदू व मज्जारज्जू तयार होतात, ती मज्जानलिका अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. ती नीट मिटली नाही तर पाठीच्या कण्यात अथवा मेंदूत जन्मजात व्यंग राहते. यावेळी मातेची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि अनेक भगिनींना आपण गरोदर असल्याची खात्रीही पटलेली नसते. म्हणूनच फॉलिक ॲसिडची रोज ४०० मायक्रोग्रॅमची मात्रा गर्भधारणेच्या आधीपासून घ्यावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. आठ आठवडे पूर्ण होईतो हात, पाय, डोळे, कान, यकृत, मूत्रपिंडे अशा सर्व प्रमुख अवयवांचा आराखडा तयार झालेला असतो. या काळात डॉक्टरांना न विचारता कोणतेही औषध घेऊ नये, हे सांगण्याचे कारण हेच.

वाढीचे महिने

यापुढील महिन्यांचा हिशेब शेवटच्या पाळीपासून चाळीस आठवडे असा केला जातो. साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यात मातेला बाळाची हालचाल जाणवू लागते. पंचविसाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाला आवाज ऐकू येऊ लागतात आणि जन्मल्यावर ते आपल्या आईचा आवाज ओळखते. सुभद्रेच्या उदरात चक्रव्यूहाची कथा ऐकणाऱ्या अभिमन्यूची गोष्ट आपणा सर्वांस ठाऊक आहे. गर्भातील बाळ विद्या शिकते असे शास्त्र म्हणत नाही. परंतु आईचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचतो, हे मात्र निश्चित.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाळाचे वजन सुमारे एक किलो असते. जन्मवेळचे जवळजवळ दोनतृतीयांश वजन त्यानंतरच्या बारा आठवड्यांत वाढते. लोह, कॅल्शियम आणि त्वचेखालची उष्णता राखणारी चरबी यांचा साठाही याच काळात होतो. श्वास सोडल्यावर फुप्फुसांतील वायुकोश मिटू न देणारा स्निग्ध पदार्थ साधारण चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत पुरेसा तयार होतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला श्वासासाठी यंत्राचा आधार लागतो, तो या कारणाने. ‘सातव्या महिन्याचे मूल जगते, आठव्याचे जगत नाही’ हा आपल्याकडील जुना समज सर्वस्वी चुकीचा आहे. गर्भाशयात मिळालेल्या प्रत्येक जादा आठवड्याने बाळाचे बळ वाढते. अवेळी कळा सुरू झाल्यास मातेला त्वरित रुग्णालयात आणल्यास बाळाची फुप्फुसे पक्व होण्यास मदत करणारी इंजेक्शने प्रसूतीपूर्वी देता येतात. घरी वाट पाहण्यात ही संधी हुकते.

बाळाला लागणारा प्राणवायू आणि अन्न वारेतून व नाळेतून येते, म्हणजेच मातेच्या रक्तातून येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. आई अशक्त असेल तर बाळाच्या वाट्याला कमी येणार, हे उघड आहे. मिश्री वा तंबाखूच्या सवयीनेही बाळाचे वजन घटते.

पुण्याजवळच्या सहा गावांनी दिलेले उत्तर

या विषयावर जगभर गाजलेला एक अभ्यास आपल्याच राज्यात झाला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांची गर्भधारणेच्या आधीपासून नोंद ठेवण्यास आरंभ केला. तेथील बालकांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो भरले. मात्र आपल्या बालकांत स्नायू व पोटातील अवयव लहान असूनही चरबी त्या मानाने टिकून होती. अशा ‘दिसायला कृश, पण चरबीयुक्त’ शरीरात पुढे मधुमेहाचा धोका वाढतो, असे या संशोधनाने दाखविले.

आपल्या दृष्टीने यातील दोन निष्कर्ष विशेष महत्त्वाचे आहेत. ज्या गरोदर स्त्रिया हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेत होत्या, त्यांची बालके अधिक वजनाची होती. ज्यांच्यावर शेतकाम व घरकामाच्या श्रमाचा भार जास्त होता, त्यांची बालके लहान होती. तसेच सुमारे दोनतृतीयांश मातांमध्ये ‘ब-१२’ जीवनसत्त्व कमी आढळले. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मांस यांतून मिळते. भाकरी व भाजीतून मिळत नाही.

मराठवाड्यातील वाचकाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. उन्हाळ्यात डोक्यावर हंडा घेऊन चालणारी, खुरपणी-कापणीस जाणारी आणि घरात सर्वांत शेवटी जेवणारी गरोदर सून आपल्या गावोगावी आहे. ‘जास्त खाल्ले तर बाळ मोठे होईल आणि बाळंतपण अवघड जाईल’ असे तिला वडीलधाऱ्यांकडूनच ऐकावे लागते. डोहाळजेवणाला तिचे एक दिवस कोडकौतुक होते. खरी गरज रोजच्या ताटाची आहे. ज्वारीची भाकरी, तुरीचे घट्ट वरण, मेथी-पालक-अंबाडीची भाजी, शेंगदाणे, गूळ आणि वाटीभर दही अथवा एखादे अंडे, एवढे तिला रोज मिळावे आणि दुपारी तासभर पाठ टेकता यावी. यासाठी मोठा खर्च येत नाही, घरातल्यांचे लक्ष मात्र लागते.

जन्मानंतरचे पहिले तास

बाळ पहिला श्वास घेते त्या क्षणी फुप्फुसे प्रसरण पावतात आणि हृदयातील रक्ताचा मार्ग बदलतो. आजवर नाळेवर चाललेले जीवन स्वतःच्या बळावर सुरू होते. नवजात बाळाला स्वतःची उष्णता राखणे कठीण असते. म्हणून त्याला कोरडे करून आईच्या उघड्या छातीशी ठेवावे. कमी वजनाच्या बाळासाठी हेच ‘कांगारू मातृसेवा’ नावाचे उपचारतंत्र आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते कोलंबिया देशातील बोगोटा येथे सुरू झाले. त्यास वीज लागत नाही, हे आपल्या भागात लहान गुण नव्हे.

पहिल्या तासाभरात स्तनपान सुरू व्हावे. पहिले दोन-तीन दिवस येणारे घट्ट पिवळसर दूध, म्हणजे चीक, हे रोगप्रतिकारक द्रव्यांनी भरलेले असते. ते पिळून टाकणे व त्याऐवजी मध, गुळाचे पाणी किंवा घुटी चाटविणे ही रूढी बाळाला घातक ठरू शकते. सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधाखेरीज काहीही, अगदी पाणीदेखील, देऊ नये. त्यानंतर मऊ वरणभात, खिमट, कुस्करलेले केळे असे पूरक अन्न सुरू करून स्तनपान दोन वर्षे चालू ठेवावे.

वाढ मोजावी, विकास पाहावा

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडे घटते व दहा ते चौदा दिवसांत भरून येते. पाचव्या महिन्याच्या सुमारास ते दुप्पट व वर्षअखेर तिप्पट होते. उंची जन्मतः सुमारे ५० सेंटिमीटर असते, ती वर्षभरात ७५ पर्यंत जाते. दोन वर्षांचे होईतो मेंदूचा आकार प्रौढ मेंदूच्या सुमारे चारपंचमांश होतो. नंतरच्या आयुष्यात मेंदू या वेगाने पुन्हा कधीच वाढत नाही.

विकासाचे पुढील टप्पे प्रत्येक घरात माहीत असावेत :

• दीड ते दोन महिने : आईकडे पाहून हसणे.
• तीन ते चार महिने : मान धरणे.
• सहा ते आठ महिने : बसू लागणे.
• नऊ महिने : आधाराने उभे राहणे, अनोळखी व्यक्तीस पाहून बिचकणे.
• बारा ते पंधरा महिने : चालणे, एखाददुसरा अर्थपूर्ण शब्द.
• दोन वर्षे : दोन शब्दांचे वाक्य.

थोडेफार मागेपुढे होणे स्वाभाविक आहे. परंतु तीन महिने होऊनही बाळ हसत नसेल, पाच महिने होऊनही मान धरत नसेल, दहा महिने होऊनही बसत नसेल किंवा दीड वर्षानंतरही चालत अथवा एकही शब्द बोलत नसेल, तर ‘आमच्या घरात सगळेच उशिरा बोलतात’ असे म्हणून थांबू नये. बुद्धीच्या वाढीसाठी महागडी खेळणी लागत नाहीत. आजीची अंगाई, बाळाच्या हुंकाराला दिलेला प्रतिसाद आणि त्याच्याशी सतत केलेले बोलणे यांनी मेंदूतील जोडण्या पक्क्या होतात.

पुन्हा तपासणीस का बोलावतो?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. अवेळी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांतील पडद्याची रक्तवाहिन्यांची वाढ अपुरी असते. ३४ आठवड्यांपूर्वी अथवा दोन किलोहून कमी वजनाने जन्मलेल्या बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत तपासावे लागतात. दोष वेळीच सापडल्यास दृष्टी वाचविता येते. उशीर झाल्यास कायमचे अंधत्व येऊ शकते. त्या वयात वरून पाहता डोळे अगदी स्वच्छ दिसतात, म्हणूनच नातेवाईकांना तपासणी अनावश्यक वाटते. श्रवणदोषाचेही तसेच आहे. तो सहा महिन्यांच्या आत ओळखून उपचार सुरू झाले तर वाणी वाचते. अवेळी जन्मलेल्या बाळाचे टप्पे मात्र त्याच्या ठरलेल्या प्रसूती-तारखेपासून मोजावेत, म्हणजे विनाकारण चिंता होत नाही.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातच डॉ. सुधा चौधरी यांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोहून कमी वजनाच्या बालकांचा अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. ‘बाळ वाचले’ एवढ्यावर समाधान मानता येत नाही, शाळेतही त्याला आधार लागू शकतो, ही जाणीव अशा कामामुळे वाढली. शासनाचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही २०१३ मध्ये याच विचाराने सुरू झाला.

मराठवाड्यानेही या बाबतीत वाट दाखविली आहे. २००२ मध्ये तत्कालीन औरंगाबाद विभागाचे आयुक्त व्ही. रमणी यांच्या पुढाकाराने बालकांचे वजन घेण्याची व कुपोषण कमी करण्याची मोहीम सुरू झाली. त्यातूनच २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभे राहिले. राज्यातील दोन वर्षांखालील बालकांत २००५-०६ मध्ये एकतृतीयांशाहून अधिक असलेला खुजेपणा २०१२ च्या सर्वेक्षणात एकचतुर्थांशाच्या खाली आला. त्याचे श्रेय अनेकांचे आहे. पण हजार दिवसांकडे लक्ष दिल्यास चित्र बदलते, हे त्यातून दिसले. तथापि २०१९-२१ मध्येही राज्यातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके खुजी आढळली. काम बरेच बाकी आहे.

देणगीदारांस विनंती

या अहवालाच्या पुढील पानांवर जमाखर्च व ताळेबंद दिला आहे. त्यात यंत्रे ‘स्थावर-जंगम मालमत्ता’ या सदरात दिसतात आणि दात्यांच्या नावाचा फलकही त्यांवर शोभतो. ही यंत्रे प्राण वाचवितात, त्यांचे ऋण आम्ही विसरू शकत नाही. परंतु किनवट-माहूरकडून डोळ्यांच्या तपासणीसाठी बाळाला घेऊन येणाऱ्या मातेचे बसभाडे, मुखेड-कंधारहून ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबाला केलेला दूरध्वनी, गरोदर भगिनीला दिलेला शेंगदाणा-गुळाचा पुडा, यांवर नावाचा फलक लावता येत नाही. ते केवळ खर्चाच्या बाजूला दिसते. ज्या बालकाची दृष्टी वाचली, ज्याने वेळेवर पहिला शब्द उच्चारला, ती त्या खर्चाची जमा होय. ती कोणत्याही ताळेबंदात मांडता येत नाही. आपल्या दानाचा काही अंश या अदृश्य कामासाठी राखून ठेवावा आणि आपल्या परिचयातील प्रत्येक गरोदर मातेच्या घरी ही माहिती पोहोचवावी, अशी आमची सविनय विनंती आहे.