सनदेच्या उंबरठ्याशी अडलेले विद्यार्थी

लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन डॉ. भीमराव आंबेडकर १९२३ साली मुंबईस परतले, तेव्हा येथे वकिली करण्यास लागणारी सनद काढण्यापुरते पैसे त्यांच्यापाशी नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने पाचशे रुपये दिले आणि सनद हाती आली, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. तत्पूर्वीची दहा वर्षेही याच ओढाताणीत गेली होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती १९१३ साली मिळाली. तिची मुदत सरताच १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून शिल्लक टाकिली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले, मित्राने कर्ज दिले, तेव्हा कोठे १९२० साली पुन्हा जाणे घडले. मोठ्या द्रव्यसाहाय्याने समुद्र ओलांडला गेला आणि अखेरीस पाचशे रुपयांपाशी गाडी अडली. या गोष्टीकडे आम्ही वाचकांचे, विशेषतः आमच्या व्यापारी वाचकांचे, लक्ष वेधू इच्छितो. कारण कायद्याचा अभ्यास करणाऱ्या गरीब मुलामुलींची आजची अडचणही बहुतांशी अशीच आहे. पैसा मुळीच नाही असे नाही. तो वेळेवर नाही, आणि त्याच्या आड दाखल्यांचा डोंगर उभा आहे.

आता हा डोंगर कसा असतो ते पाहू. महाराष्ट्रात विधी महाविद्यालयात प्रवेश घ्यावयाचा तर राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेस बसावे लागते आणि मागाहून केंद्रीय प्रवेश फेऱ्यांत नाव यावे लागते. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, पदवीनंतर तीन वर्षांचा. परीक्षा विद्यार्थी आपल्या बुद्धीने उत्तीर्ण होतो. दाखल्यांना मात्र आजोबांची बुद्धी लागते. इतर मागासवर्गातील मुलाने जातीचा दाखला व तिची पडताळणी मागितली की १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी त्याचे कुटुंब या राज्यात राहत होते याचा पुरावा द्यावा लागतो. अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५०, आणि विमुक्त व भटक्या जमातींस २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख आहे. ज्याच्या पूर्वजांनी शाळेचे तोंडच पाहिले नाही, त्याने शाळेतील नोंदीचा उतारा कोठून आणावा? मग तो कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी शोधीत तहसील कचेरीत खेटे घालतो, आणि तेथील मोडी अक्षर वाचणारा मनुष्य शोधण्यात आणखी एक आठवडा जातो. शिक्षणापासून ज्यांना पिढ्यानपिढ्या दूर ठेविले, त्यांच्याच नातवाकडून पूर्वजांच्या शाळेचा कागद मागावा, यातील विसंगती कोणाच्याही ध्यानात येईल. पडताळणी नको असे आमचे म्हणणे नाही. खोटे दाखले काढून खऱ्या गरजवंताची जागा बळकावणारे लोक आहेत, आणि त्यांच्यासाठीच २००० सालचा जात प्रमाणपत्र कायदा झाला. आमचे म्हणणे एवढेच की, ही पडताळणी प्रवेशाच्या तोंडावर न करिता मुलगा दहावी-अकरावीत असतानाच पुरी करून घेण्याची चाल शाळांनी पाडावी.

उत्पन्नाच्या दाखल्याची तऱ्हा निराळी. तो आर्थिक वर्षाशी बांधलेला असल्यामुळे ३१ मार्च उलटली की जुना कागद निरुपयोगी होतो. उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र वेगळे, अधिवासाचा दाखला वेगळा, मध्ये एखादे वर्ष शिक्षण सुटले असेल तर त्या खंडाचे प्रतिज्ञापत्र वेगळे. या सर्वांत अधिक हाल कोणाचे होत असतील तर ते विवाहित स्त्रियांचे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास लग्न झालेल्या, संसार सांभाळून शिकणाऱ्या पुष्कळ स्त्रिया येतात. त्यांच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधारपत्रावर सासरचे, आणि जात ठरावयाची ती पुन्हा माहेरच्या कागदांवरून! लग्नाची नोंद व राजपत्रातील नावबदल हाती असल्यावाचून यांतला एक कागद दुसऱ्यास ओळख देत नाही. आमच्या समाजाने मुलीचे नाव लग्नात बदलण्याची चाल पाडिली. तिचा भुर्दंड मात्र तिने एकटीने खिडकीखिडकीशी उभे राहून भरावयाचा, हा न्याय कोणता? ज्यांना नाव बदलावयाचे नसेल त्यांनी बदलू नये, कायद्याने तशी सक्ती नाही, हे सुनांच्या वडीलधाऱ्यांनी समजून घेतले तरी निम्मे काम होईल.

येथे नाशकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचे स्मरण होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्या पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. त्या गुणांवर विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती पुरुषास मिळाली असती, ती स्त्री म्हणून त्यांना नाकारली. मग इंग्लंडातील काही सहृदय लोकांनी वर्गणी जमविली, आणि १८८९ साली त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ साली कायद्याची परीक्षा दिली. पदवी हाती पडली ती तीस वर्षांनी, १९२२ साली. स्त्रियांस वकिली करण्याची मोकळीक देणारा कायदा हिंदुस्थानात १९२३ साली झाला. आज मुलीस कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. उलट ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास घरांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ साली घेतला, हे मुक्तकंठाने सांगितले पाहिजे.

परंतु या निर्णयात एक अट आहे, आणि ती पुष्कळांस प्रवेश घेऊन झाल्यावर कळते. माफी शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांसच आहे. संस्थेच्या पातळीवर अथवा व्यवस्थापनाच्या जागेवर घेतलेल्या प्रवेशास नाही. खुल्या वर्गातील गरीब मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने जी शिक्षण शुल्क योजना आहे, तीत ८ लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्यास निम्मे शुल्क परत मिळते; तेथेही हीच अट. एखादी बाप-लेकीची जोडी फेऱ्यांची दगदग नको म्हणून घराजवळच्या महाविद्यालयात परस्पर जागा घेते, आणि त्या एका सहीबरोबर काही वर्षांची माफी गमावून बसते. फेरी चुकवू नये, आणि जागा घेण्यापूर्वी ती कोणत्या खात्यातली आहे हे लेखी विचारून घ्यावे. तोंडी उत्तरावर विसंबू नये. वकील होऊ पाहणाऱ्याने निदान एवढे शिकावे.

आता पैशाच्या वेळेविषयी. शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर होतात. मग महाविद्यालयाचा कारकून तपासतो, नंतर खाते तपासते, त्रुटी निघाली तर अर्ज परत येतो, आणि मंजुरीनंतर रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात उतरते. येथे आणखी एक खोच आहे. खात्यास आधार क्रमांक लावला म्हणजे सरकारी रक्कम त्याच खात्यात येईल असे नव्हे. ज्या बँकेची नोंद त्या कामासाठी शेवटची झाली असेल तिच्यात ती जाते. लहानपणी शाळेने काढून दिलेल्या आणि पुढे बंद पडलेल्या खात्याकडे पैसा निघाल्याने मुले महिनोन्महिने वाट पाहत बसतात. दरम्यान महाविद्यालयाचा हप्ता, खोलीचे भाडे, पुस्तके थांबत नाहीत.

व्यापारी वाचकांस हे त्यांच्याच भाषेत सांगतो. शिष्यवृत्ती ही मुदतीची हुंडी आहे. ती बहुधा वटते. पण वटण्याचा दिवस हुंडीवर लिहिलेला नसतो. आपल्या पेढीवर अशी खात्रीची पण उशिराची हुंडी आली तर आपण ती फाडून टाकतो काय? सावकार मनुष्य ती घेऊन रोकड देतो. विद्यार्थ्याची हुंडी मात्र कोणी घेत नाही. बँकांकडे जावे तर केंद्र सरकारची २०२४ साली मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना आहे, तीत तारण व जामीन लागत नाही आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांस १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत मिळते. पण ती निवडक नामांकित संस्थांपुरती आहे; तालुक्याच्या गावच्या विधी महाविद्यालयास त्या यादीत जागा मिळणे कठीण. शिवाय ज्याला दहा-पंधरा हजार रुपये पाच महिन्यांपुरते हवे आहेत, त्याने काही वर्षे फेडावयाचे कर्ज का काढावे?

म्हणून आमची सूचना अशी. गावातील वीस व्यापाऱ्यांनी प्रत्येकी पाच हजार घातले तर एक लाख होतात, आणि दहा विद्यार्थ्यांस दहा-दहा हजार बिनव्याजी देता येतात. शिष्यवृत्ती उतरताच रक्कम परत, आणि पुढील वर्षी तीच दुसऱ्या दहांस. हा दानधर्म नव्हे, फिरता निधी आहे. नवी संस्था काढण्याचीही गरज नाही. व्यापारी मंडळाचा अथवा वाचनालयाचा नोंदलेला न्यास असेल तर त्याच्या घटनेत बसते का एवढे पाहावे. पैसा बुडेल, ही शंका येणारच. काही बुडेल. उधारीवर माल देणारा कोणता दुकानदार हे जाणत नाही? परंतु एक अट आम्ही आग्रहाने घालू. ज्ञातिफंडाची रीत येथे नको. आपापल्या जातीच्या मुलांस गौरवसमारंभात शालीसह पाकीट देण्यात आमचे फंड मोठा पुरुषार्थ मानतात. आणि पाकीट बहुधा ज्याचे गुण अधिक व गरज कमी त्यासच जाते. आंबेडकरांच्या सनदेचे पैसे पारशी मित्राने दिले, त्याने जात विचारली असती तर?

कोणी म्हणेल, वकील काय थोडे आहेत म्हणून आणखी करावयाचे! वकील पुष्कळ आहेत, हे खरे. पण ज्याच्या घरी कोर्टाची पायरी फिर्यादी अथवा आरोपी म्हणूनच चढली गेली, अशा घरातले थोडे आहेत. शेतमजुराचा, मोलकरणीचा, हमालाचा दावा त्याच्या भाषेत समजणारा वकील तालुक्याच्या कोर्टात असणे हे पेढीवाल्यांसही हिताचे आहे. तडजोड तेथेच होते.

सनदेच्या खर्चाविषयी आता थोडी बरी बातमी सांगता येते. वकिलांच्या १९६१ च्या कायद्यात नोंदणी शुल्क ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींस १२५ रुपये लिहिलेले असताना, राज्यांच्या वकील परिषदा निरनिराळ्या नावांखाली कित्येक हजार घेत असत. काही राज्यांत तर आकडा पंचवीस हजारांच्याही वर गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी निकाल देऊन कायद्यातील आकड्याहून अधिक घेण्यास बंदी केली. मुद्रांक शुल्क तेवढे वेगळे. आधी घेतलेले पैसे परत करण्याची सक्ती मात्र झाली नाही, म्हणून २०२४ पूर्वी कर्ज काढून सनद घेतलेल्यांस या निकालाचा उपयोग वर्तमानपत्रात वाचण्यापुरताच. यापुढे जो विद्यार्थी सनद घेण्यास जाईल त्याने पावती मागावी, आणि शुल्काचे शीर्षक वाचावे.

सनदेनंतरची अखिल भारतीय वकील परीक्षा दोन वर्षांच्या आत उत्तीर्ण व्हावी लागते, आणि तिचे शुल्क २०२४ साली सर्वसाधारण उमेदवारास साडेतीन हजार होते, म्हणजे सनदेच्या चौपटीहून अधिक. याउपर २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेस बसण्यासाठी तीन वर्षांची वकिली आवश्यक ठरविली. ती तीन वर्षे गरीब घरच्या मुलीने खावे काय? ज्येष्ठ वकिलांनी शिकाऊंस शहरात दरमहा २०,००० व गावी १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस भारतीय वकील परिषदेने २०२४ साली केली. शिफारस चांगली आहे. पाळणाऱ्यांची नावे कळविल्यास आम्ही आनंदाने छापू. रकाना पुरेल अशी भीती नाही.

सगळा दोष कचेऱ्यांवर टाकून आम्ही विद्यार्थ्यांस मोकळे सोडीत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. दाखला किती दिवसांत द्यावयाचा याची मुदत कचेरीत लावलेली असली पाहिजे, अर्जाची पोच मिळाली पाहिजे, मुदत टळली तर पहिले अपील, मग दुसरे. आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशेपासून पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आमचे विधी विद्यार्थी वर्गात अपिलाची कलमे पाठ म्हणतात, आणि स्वतःचा उत्पन्नाचा दाखला दोन महिने अडला तर ओळखीचा मनुष्य शोधतात! ज्याला पुढे दुसऱ्याचे अपील लिहावयाचे आहे त्याने पहिले अपील स्वतःचे लिहावे. सायबर कॅफेवाल्याकडून अर्ज भरून घेऊन संकेतशब्दही त्याच्याच वहीत ठेवण्याची जी सवय लागली आहे, तीही सोडावी. अर्ज परत आल्याचा निरोप त्याच्या दुकानात पडून राहतो आणि मुदत सरते.

विधी महाविद्यालयांस एक सोपी गोष्ट सुचवून लेखणी आवरतो. शेवटच्या वर्षातील दोन विद्यार्थ्यांस प्रवेशाच्या हंगामात कार्यालयाबाहेर एक टेबल मांडून बसवावे, नवागतांचे कागद त्यांनी पाहून द्यावेत, नाव कोठे जुळत नाही ते सांगावे, अपिलाचा मसुदा करून द्यावा. विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेतून त्यांना तासांचे पैसे देता आले तर उत्तमच. ज्या गावी असे टेबल मांडले जाईल, अथवा वर सांगितलेला फिरता निधी उभा राहील, तेथील चालकांनी आपले नियम आम्हांकडे पाठवावेत. दुसऱ्या गावांच्या माहितीसाठी ते याच जागी छापले जातील.