दंतवेदनेची मराठी शब्दसंपत्ती : खोल भरलेल्या दाताच्या निमित्ताने

वेदना ज्याची त्यालाच कळते. दुसऱ्यास ती कळावयाची तर शब्दांवाचून फारसा मार्ग नाही. कीड खोल गेलेला दात भरल्यानंतर काही दिवस दुखतो. हे दुखणे ओसरणारे आहे की बळावणारे, हे क्ष-किरणचित्रावरून आरंभी नेहमीच उमगत नाही. म्हणून दंतवैद्य तपासणीबरोबरच रोग्याच्या वर्णनालाही महत्त्व देतो. रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत वेदनावाचक ७८ इंग्रजी शब्द २० गटांत मांडलेले आहेत. मराठीतही अशा शब्दांची वाण नाही. त्यांतील भेद मात्र ध्यानात घेतले पाहिजेत.

दाताच्या कठीण कवचाखाली दंतिन असते आणि त्याच्या आत, बंद पोकळीत, रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ मगज असतो. लोक यालाच ‘नस’ म्हणतात. दंतिनात अतिसूक्ष्म नलिका असून त्यांत द्रव असतो. गार पाण्याने तो द्रव हलतो व नलिकांच्या आतील टोकांशी असलेले शीघ्रवाही तंतू उद्दीपित होतात. त्यातून उठते ती ‘कळ’ किंवा ‘सणक’ : तीक्ष्ण आणि क्षणिक. मगजातील मंदवाही तंतू दाहाने चेतले म्हणजे खोल, रेंगाळणारी वेदना होते. तिला मराठी भाषक ‘ठणका’ म्हणतो.

या दोन नामांबरोबर येणारी क्रियापदे पाहण्यासारखी आहेत. कळ ‘येते’ आणि ‘जाते’, ठणका ‘लागतो’. पहिल्या प्रयोगात वेदना पाहुणी आहे, दुसऱ्यात ती चिकटून बसली आहे. दंतवैद्यकातील मुख्य भेदही हाच आहे. गार लागताच कळ येऊन काही क्षणांत जात असेल, तर मगजाचा दाह बहुधा निवळणारा असतो आणि दोन ते चार आठवड्यांत दात पूर्ववत होतो. गार घोट गिळून झाल्यावरही वेदना अर्धा मिनिट वा अधिक रेंगाळत असेल, गरम चहाने वाढत असेल, किंवा काही कारण नसता रात्री झोपेतून उठवीत असेल, तर मगज सावरण्याची आशा थोडी. अशा वेळी मुळातील मगज काढून पोकळी भरावी लागते, नाहीतर दात काढावा लागतो.

इतर शब्दांनाही स्वतःचे क्षेत्र आहे. दात ‘आंबतो’ तो मूलतः चिंच-कैरीने. पुढे गारव्याच्या संवेदनेसही तोच शब्द लागू झाला. ‘शिवशिवणे’ त्याच्याच जवळचे. बधिरतेचे औषध उतरताना ओठाला येतात त्या ‘झिणझिण्या’. त्यांचा दाताच्या प्रकृतीशी संबंध नाही. ‘हुळहुळणे’ हे स्पर्शाने होते. चावताना दात हुळहुळत असेल, तर भरण किंचित उंच राहिलेले असण्याचा संभव असतो. ते घासून सारखे केले की पुष्कळदा दुखणे थांबते. ‘ठसठसणे’ हा शब्द मराठी भाषक पू धरलेल्या गळवासाठी योजतो. मुळाशी पू झाला असताही तोच शब्द तोंडी येतो. त्याच्या जोडीला सूज किंवा ताप असल्यास विलंब करू नये. बोलीबोलींत या शब्दांच्या मर्यादा थोड्याफार बदलतात, म्हणून शब्द ही खूण समजावी, निदान नव्हे.

‘दात दुखतो’ या वाक्यात दात हा कर्ता आहे. परंतु कोणता दात, हे रोग्यास नेहमी सांगता येतेच असे नाही. दाह मगजापुरता असताना स्थाननिश्चय अवघड असतो आणि शेजारचा, क्वचित समोरच्या जबड्यातील, दात दाखविला जातो. दाह मुळाभोवतीच्या ऊतींत पोहोचला की बोट नेमके दुखऱ्या दातावर पडते.

सर्वांत घातक गोंधळ ‘थांबणे’ आणि ‘बरे होणे’ या दोहोंचा आहे. कळा हळूहळू बोथट होत, विरळ होत गेल्या, तर तो दात बरा होत आहे. कित्येक रात्रींचा ठणका मात्र एकाएकी थांबला, तर मगज निर्जीव झाला असण्याचा संभव असतो; वेदना गेली तरी रोग राहतो आणि काही काळाने ठसठस सुरू होते. लोकभाषेत ‘नस मेली’ असा प्रयोग आहेच. तो समाधानाने उच्चारला जातो, एवढेच चुकते.

तात्पर्य, ‘दुखते का?’ या प्रश्नास ‘होय’ एवढेच उत्तर मिळते. ‘कळ येते की ठणका लागतो? गार घेतल्यावर किती वेळ राहते?’ असे विचारल्यास रोग्याच्या भाषेतच असलेले ज्ञान वैद्याच्या उपयोगी पडते, आणि वाचण्याजोगा दात वेळीच वाचतो.