मोती जेवत का नाही?
कुत्र्यांचा गोचीड-ताप : ओळखा, तपासून घ्या, पुरता बरा करा

घरातलं कुणी नीट जेवलं नाही, तर पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येतं? ताट वाढणारीच्या! घरच्या कुत्र्याचंही तसंच असतं. समजा, तुमच्या मोतीने सकाळची पोळी नुसती हुंगून ठेवली. दूधवाल्याने बेल वाजवली तरी तो जागचा हलला नाही. घरातले म्हणतात, "उकाडा केवढा आहे! मरगळला असेल झालं." पण मैत्रिणींनो, दोन वेळा अन्न टाकलं आणि अंग गरम लागलं, तर उकाड्यावर हवाला ठेवून बसू नका. आपल्याकडे याचं एक अगदी नेहमीचं कारण म्हणजे गोचीड-ताप. वेळेवर ओळखला तर साध्या गोळ्यांनी बरा होणारा, आणि अंगावर काढला तर जीव घेणारा!

शत्रू केवढासा, उपद्रव केवढा!

कुत्र्याच्या अंगावरचे तपकिरी गोचीड तुम्ही पाहिलेच असतील. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, गळ्यातल्या पट्ट्याखाली, शेपटीच्या बुडाशी ते दडून बसतात. मादी रक्त पिऊन वाटाण्यासारखी फुगली की खाली उतरते आणि भिंतीच्या भेगेत हजारो अंडी घालते.

नुसतं रक्त प्यायले असते तर एक वेळ चाललं असतं. पण चावताना ते कुत्र्याच्या रक्तात रोगाचे जंतू सोडतात. त्यातला एक म्हणजे एर्लिकिया. हा अतिसूक्ष्म जिवाणू रक्तातल्या पांढऱ्या पेशींत घर करतो. १९३५ साली अल्जीरियातल्या कुत्र्यांत तो प्रथम सापडला. पुढे व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन लष्कराचे कितीतरी कुत्रे याच रोगाने दगावले, तेव्हा जगाचे डोळे उघडले. दुसरा जंतू बाबेसिया. हा तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो. कधी कधी हे दोघेही एकदमच हजर असतात.

दुखणं तीन पायऱ्यांनी येतं

एर्लिकियाचा गोचीड चावल्यावर साधारण एक ते तीन आठवड्यांत ताप येतो. अन्न नकोसं होतं, डोळ्यांना चिपडं येतात, जबड्याखालच्या आणि मांडीच्या मागच्या गाठी सुजतात. काही कुत्र्यांच्या नाकातून रक्त येतं, पोटाच्या पातळ कातडीवर तांबडे ठिपके उठतात.

दुसरी पायरी फसवी. औषध न देताही ताप उतरतो, कुत्रा खाऊ-पिऊ लागतो. "बघा, आपोआप बरा झाला की!" असं म्हणून सगळे निर्धास्त होतात. जंतू मात्र पाणथरीत दबा धरून बसलेला असतो, कधी महिनोन्‌महिने तर कधी काही वर्षंसुद्धा. काही कुत्र्यांचं शरीर या काळात त्याला हुसकून लावतं. सगळ्यांना ते जमत नाही.

तिसऱ्या पायरीवर हाडांतला मगज नव्या रक्तपेशी करेनासा होतो. हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, वजन झरझर उतरतं, रक्तस्राव थांबत नाही. इथवर पोचलेला कुत्रा वाचवणं फार अवघड. जर्मन शेफर्ड जातीला हा रोग विशेष जड जातो.

डॉक्टर काय काय पाहतात?

पशुवैद्याकडे गेल्यावर प्रश्नांची सरबत्ती होईल. शेवटचा गोचीड कधी दिसला? जेवण कधीपासून कमी झालं? लघवीचा रंग कसा आहे? याची उत्तरं घरात तुमच्याइतकी कुणालाच माहीत नसतात, म्हणून शक्यतो तुम्ही स्वतः बरोबर जा. लघवी काळ्या चहासारखी होत असेल तर ते आवर्जून सांगा, कारण ती बाबेसियाची खूण असू शकते.

मग डॉक्टर ताप पाहतात. कुत्र्याचं तापमान मुळातच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. तेव्हा आपल्या हिशेबाने १०१ दिसलं म्हणून घाबरायचं नाही! हिरड्यांचा रंग, सुजलेल्या गाठी आणि पोट चाचपून पाणथरी वाढली आहे का, हेही ते पाहतात.

खरी कहाणी सांगतं ते रक्त. निरोगी कुत्र्याच्या एका घन मिलिमीटर रक्तात साधारण दोन ते पाच लाख प्लेटलेट्स असतात. गोचीड-तापात त्या कोसळतात, पन्नास हजारांच्याही खाली जातात. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर देऊन सूक्ष्मदर्शकाखालीही तो पाहतात. बाबेसिया तांबड्या पेशीत दिसला की निदान पक्कं. एर्लिकिया मात्र मोठा लपंडाव खेळतो. काचेवर तो दिसला नाही, म्हणजे तो नाहीच असं समजायचं नसतं.

काही मिनिटांत निकाल देणारी पट्टीची चाचणीही आता मिळते. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते. त्यामुळे दुखण्याच्या पहिल्या दिवसांत ती चुकीने 'नाही' म्हणू शकते, आणि बऱ्या झालेल्या कुत्र्यातही कित्येक महिने 'आहे' म्हणत राहते. पीसीआर तपासणी थेट जंतूचा माग काढते, पण ती खर्चिक. म्हणून जाणते डॉक्टर एकाच कागदावर विसंबत नाहीत. लक्षणं, प्लेटलेट्स आणि चाचणी यांचा मेळ घालतात.

अठ्ठावीस दिवस म्हणजे अठ्ठावीसच!

एर्लिकियावरचं मुख्य औषध डॉक्सीसायक्लीन. मात्रा वजनावर ठरते, सर्वसाधारणपणे दर किलोमागे रोज १० मिलिग्रॅम. ती ठरवायची मात्र डॉक्टरांनीच. पिल्लांच्या आणि गाभण कुत्रीच्या बाबतीत तर आधी विचारायलाच हवं.

गंमत अशी, की गोळ्या सुरू झाल्या की दोन-तीन दिवसांत कुत्रा शेपूट हलवत भांड्यापाशी हजर होतो! आणि इथेच घात होतो. बरा दिसतोय म्हणून आठ-दहा दिवसांत गोळ्या बंद होतात, आणि जंतू पुन्हा डोकं वर काढतो. तेव्हा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर अठ्ठावीस चौकोन आखा, रोज एक फुली मारा.

गोळी उपाशीपोटी देऊ नका, ओकारी होते. पोळीच्या घासात लपवून द्या, वर चार घास खाऊ घाला. दुधातून मात्र देऊ नका, कारण दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं. आठवड्याने प्लेटलेट्स पुन्हा मोजून घ्या आणि औषध संपल्यावर एकदा.

बाबेसियाला नुसती ही गोळी पुरत नाही. त्याच्या प्रकारानुसार इंजेक्शन किंवा दोन-तीन औषधांची जोडी द्यावी लागते. रक्त फारच कमी झालं तर दुसऱ्या निरोगी कुत्र्याचं रक्त चढवतात. होय, कुत्र्यांतही रक्तदान असतं! मोठ्या पशुरुग्णालयांतून ही सोय होते. मुंबईत परळला तर १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गावाकडे तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात निदान तपासणी आणि सल्ला नक्की मिळवा.

हे मुळीच करू नका

ताप आहे म्हणून आपल्या डब्यातली गोळी देऊ नका. ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढतो, आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधतं, पॅरासिटामॉल यकृताला इजा करू शकतं.

पपईच्या पानांचा रस पुष्कळ जणी देतात. पण त्याने जंतू मरत नाही, म्हणून रसाच्या भरवशावर गोळ्या टाळू नका.

गोचिडांवर रॉकेल ओतू नका, ते बोटांनी चिरडूही नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाका आणि हात धुवा.

घरही औषधाला धरा

या रोगावर लस नाही, म्हणून गोचीड आवरणं हाच खरा उपाय. मानेवर टाकायचे थेंब, औषधी पट्टे, चघळायच्या गोळ्या असं पुष्कळ काही मिळतं. कुत्र्याचं वजन, वय आणि त्याला झटके येतात का, हे सांगून डॉक्टरांकडून निवड करून घ्या. घरात मांजर असेल तर तेही सांगा, कारण कुत्र्याचं काही औषध मांजराला विषारी ठरतं.

भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवा, त्याचं अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यातून काढा, सोफ्याच्या खालची बाजू विसरू नका. गोचीड अनेक महिने उपाशी राहू शकतो, तेव्हा एकदा फवारून भागत नाही.

मुलांना मोतीपासून लागण होईल का? त्याला कुरवाळल्याने हा ताप माणसाला येत नाही. पण हेच तपकिरी गोचीड माणसाला चावले तर वेगळा ताप, अंगावर पुरळ येणारा, होऊ शकतो. म्हणजे कुत्र्याचे गोचीड आवरले की घरातली मुलंही सुरक्षित.

आणि दोन शब्द परदेशातल्या भगिनींसाठी. स्पेन, इटली, ग्रीस या बाजूला वाळूमाशी चावून कुत्र्यांना लीशमानियासिस नावाचा रोग होतो. त्यातही गाठी सुजतात, नाकातून रक्त येतं. शिवाय डोळ्यांभोवतालचे केस झडतात, नखं वेडीवाकडी वाढतात. त्याची तपासणी आणि औषधं निराळी, आणि तो सहसा पुरता जात नाही. तिथून कुत्रा आणला असेल तर डॉक्टरांना आधी हेच सांगा.

आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी म्हणा, दहा मिनिटं काढा. कान उलटून पाहा, बोटांच्या बेचक्या चाचपा, ओठ उचलून हिरड्या पाहा. गुलाबी आहेत ना? मग छान! फिकट वाटल्या, तर सोमवारची वाट पाहू नका.